अकादमीत चित्र लागलं, म्हणजे नेमकं काय झालं?

अकोल्याचे मामा दिल्लीला आले होते. लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला, करोल बागेत मामींची खरेदी झाली आणि परतीच्या गाडीला चार तास उरले. मंडी हाउसला रवींद्र भवनात, म्हणजे ललित कला अकादमीच्या दालनांत, कुठलं ना कुठलं चित्रप्रदर्शन लागलेलं असतं, आत जायला पैसे पडत नाहीत आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. म्हणून त्यांना तिकडे घेऊन गेलो. पहिल्याच दालनात एका मोठ्या कॅनव्हाससमोर मामा थबकले. राखाडी रंगाचे थरांवर थर, मधे एक तांबूस ओरखडा, बाकी काही नाही. बराच वेळ बघून ते हळूच म्हणाले, "मला तर यात काही दिसत नाही रे. पण सरकारी अकादमीत लावलंय, म्हणजे काहीतरी असणारच."

मामांचं पहिलं वाक्य आपण सगळेच म्हणतो. मला अडलं ते दुसरं. कारण ते चित्र सरकारने लावलेलं नव्हतंच. चित्रकाराने आठवड्यासाठी दालन भाड्याने घेतलं होतं.

शिवाजी मंदिरात नाटक लागलं म्हणजे ते शिवाजी मंदिराने बसवलं, असं आपण समजत नाही. थिएटर एकाचं, नाटक दुसऱ्याचं, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. चित्रांच्या बाबतीत मात्र भिंत आणि चित्र यांची गल्लत होते. "ललित कला अकादमीत प्रदर्शन झालं" हे वाक्य चित्रकारांच्या परिचयपत्रात हमखास असतं आणि ते खोटंही नसतं. फक्त त्याचे अर्थ तीन निघतात. एक, अकादमीने स्वतः निवड करून भरवलेलं प्रदर्शन. दुसरा, एखाद्या दूतावासाने किंवा संस्थेने आपलं प्रदर्शन आणून तिथे मांडणं. तिसरा, अर्ज करून, भाडं भरून स्वतःचं प्रदर्शन लावणं. तिसऱ्यात कमीपणा काही नाही, आपल्याकडचे बहुतेक चित्रकार असेच लोकांपुढे आले. पण बघणाऱ्याने एवढं आधी विचारून घ्यावं: हे चित्र या भिंतीपर्यंत कोणी आणलं? समकालीन कलेचा निम्मा गोंधळ या एका प्रश्नाने निवळतो, असा माझा अनुभव आहे.

मुंबईच्या जहांगीर कलादालनातही हेच चालतं. १९५२ साली काळा घोड्याला हे दालन उघडलं आणि तिथे प्रदर्शनं मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याच्या हिशेबाने लागतात. अर्ज करायचा, कामाचे नमुने दाखवायचे, समितीने होकार दिला की तारखेची वाट बघायची. ही वाट काही वर्षांची असते. नंबर लागला म्हणून चित्रकाराने पेढे वाटावेत, इतकी.

पैसा सरकारचा, निवड कलाकारांची

ललित कला अकादमी सुरू झाली ५ ऑगस्ट १९५४ रोजी. तेव्हाचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी तिचं उद्घाटन केलं. संगीत-नाटक, साहित्य आणि ललित कला अशा तिन्ही राष्ट्रीय अकादम्या त्याच सुमाराच्या. तिघींना एकत्र जागा मिळाली ती रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये. वास्तुविशारद हबीब रहमान यांनी बांधलेलं रवींद्र भवन. जाळ्या, पुढे आलेले छज्जे, आणि प्रदर्शनाची दालनं कचेऱ्यांपासून जरा बाजूला काढलेली. चित्रं बघायला गेलात तर इमारतीकडेही पाच मिनिटं बघा.

अशा संस्थेची गरज का पडली? त्याआधी चित्रकाराचा पोशिंदा असे संस्थानिक. राजा रविवर्म्याला बडोद्याने काम दिलं, आबालाल रहिमान यांना कोल्हापुरात शाहू महाराजांनी आश्रय दिला, औंधच्या पंतप्रतिनिधींनी तर अख्खं संग्रहालय उभं केलं. संस्थानं विलीन झाली आणि हा आधार गेला. तो भार नव्या सरकारने उचलायचा ठरला, पण दरबारी थाट नको होता. म्हणून मधला रस्ता निघाला: पैसा सरकार देईल, कारभार कलाकार आणि जाणकारांच्या सभेने करायचा. ऐकायला छान आहे. चालवायला किती अवघड, ते पुढे येईलच.

अकादमीचं सगळ्यात जुनं काम म्हणजे राष्ट्रीय कला प्रदर्शन. देशभरातून प्रवेशिका मागवायच्या, परीक्षकांनी त्यांतून निवड करायची, निवडलेल्या कामांतून पुरस्कार द्यायचे. हल्ली आधी छायाचित्रांवरून चाळणी लागते आणि मग प्रत्यक्ष काम बघितलं जातं. पहिल्या चाळणीत एक गोम आहे, ती चित्रकार मंडळी चहाच्या टपरीवर नेमकी बोलून दाखवतात. छायाचित्रात झगझगीत रंग उठून दिसतो. जाड पोत, कागदाची लव, पांढऱ्यावर पांढरं असलं काही दिसतच नाही. म्हणजे पडद्यावर चांगलं दिसणारं चित्र पुढे सरकायची शक्यता वाढते. परीक्षक कितीही प्रामाणिक असोत, चाळणीची भोकं ज्या मापाची, त्याच मापाचं धान्य खाली येणार.

तरीही ही पद्धत वाईट म्हणवत नाही. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं 'जमीन' या चित्राला. रुंदीला सुमारे साडेपाच मीटर आणि उंचीला जेमतेम एक मीटर, पट्ट्यासारखं पसरलेलं, त्यात चौकटी-चौकटींतून खेड्यातली माणसं, जनावरं, चाकं. चित्रकार होता पंढरपुरात जन्मलेला आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेला मकबूल फिदा हुसेन. ज्याच्यामागे ना घराणं ना संस्थान, त्याला देशाच्या राजधानीत भिंत मिळाली. हे चित्र आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

दहा दिवसांचं एक प्रदर्शन

रवींद्र भवनाच्या भिंतींनी शेकडो प्रदर्शनं पाहिली. त्यांतलं एक जरा निवांत सांगतो, कारण मामांच्या गावाचा माणूस त्यात होता.

२० ते २९ ऑक्टोबर १९६३. बारा कलाकारांनी एकत्र येऊन प्रदर्शन भरवलं. गटाचं नाव 'ग्रुप १८९०'. नावात कुठला इतिहास शोधू नका. भावनगरला ज्या घरी बसून त्यांनी गट स्थापन केला, त्या घराचा नंबर १८९० होता, एवढंच. उद्घाटनाला पंडित नेहरू आले. कॅटलॉगची प्रस्तावना लिहिली ऑक्टाव्हिओ पाझ यांनी. हे कवी त्या वेळी मेक्सिकोचे भारतातले राजदूत होते, नोबेल त्यांना फार पुढे मिळालं. गटाचे म्होरके जे. स्वामिनाथन. सोबत गुलाम मोहम्मद शेख, जेराम पटेल, हिम्मत शाह, ज्योती भट्ट आणि इतर. आणि अकोल्याचे आंबादास खोब्रागडे, जे कलाजगतात नुसते 'आंबादास' म्हणून ओळखले जातात.

या मंडळींनी जाहीरनामा काढला. सार असं, की रविवर्म्याचं हुबेहूबपण नको, बंगाली शैलीचा हळवा ग्रामीण स्वप्नाळूपणा नको, आणि युरोपातल्या एकामागून एक आलेल्या शैलींची उसनवारी तर नकोच. मग हवं काय? चित्राने दुसऱ्या कशाचं तरी चित्र असण्याची गरज नाही, ते स्वतःच एक वस्तू आहे, असं त्यांचं म्हणणं.

हे वाक्य पुस्तकी वाटतं, म्हणून थोडं उलगडतो. आंब्याचं चित्र बघताना आपण मनात खऱ्या आंब्याशी तुलना करतो. जमलंय की नाही ते ठरवायला खरा आंबा हाताशी असतो. पण सतारीचा आलाप ऐकताना आपण "हा कशासारखा आहे?" असं विचारत नाही. आलाप आलापासारखाच असतो. आंबादास यांच्या चित्रात ब्रशचे जाड, वळसे घेत जाणारे, एकमेकांत गुंतणारे फटकारे दिसतात. ते झाडाचे नाहीत, पाण्याचे नाहीत. फटकारा कुठे जोरात आला, कुठे दम लागल्यासारखा विरला, कुठे दुसऱ्याखाली दबला, हे डोळ्यांनी पकडत जायचं. ज्याला आपण अमूर्त चित्र म्हणतो, ते बघायची ही एक वाट. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांना तर 'ॲबस्ट्रॅक्ट' हा शब्दच पटत नसे. अमूर्त करायला आधी मूर्त काही असावं लागतं आणि आपल्या चित्रात तसलं काही नाही, अशी त्यांची भूमिका. गायतोंडे रोलर आणि पातं वापरून रंगाचे थर चढवत आणि खरवडून काढत. तासन् तास काही न करता बसणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता.

ग्रुप १८९० चं दुसरं प्रदर्शन कधी झालंच नाही. बारा जण बारा दिशांना गेले. आंबादास नॉर्वेला स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये ओस्लोलाच वारले. अकोल्यात त्यांच्याबद्दल कुणाला विचारलं तर काय उत्तर मिळेल, ते मामांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

भांडणं

१९६८ मध्ये अकादमीने मोठी उडी घेतली. लेखक मुल्कराज आनंद अध्यक्ष असताना दर तीन वर्षांनी जगभरची कला दिल्लीत आणायची योजना सुरू झाली. नाव 'त्रैवार्षिक भारत', बोली भाषेत 'ट्रिएनाले'. ज्या काळात परदेशी चित्र बघायचं तर पुस्तकातल्या छापील फोटोवर समाधान मानावं लागे, त्या काळात ही केवढी चैन! पण १९७१ च्या दुसऱ्या खेपेलाच नामवंत चित्रकारांनी अकादमीविरुद्ध आघाडी उघडली आणि त्यात पुढे कोण, तर ग्रुप १८९० चेच स्वामिनाथन. निवड कोण करतं, कुणाच्या ओळखीने होते, कारभारात खऱ्या कामकरी कलाकाराला काही बोलता येतं का, असे मुद्दे. त्याच सुमारास न्या. गो. द. खोसला यांच्या समितीने तिन्ही अकादम्यांची झाडाझडती घेतली आणि १९७२ मध्ये अहवाल दिला. त्रैवार्षिकाची गाडी त्यानंतरही रडतखडत चालली. अकरावी खेप २००५ मध्ये झाली, पुढे गाडी थांबली ती थांबलीच. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने अकादमीचा कारभारच आपल्या हातात घेतला. मघाशी ज्या मधल्या रस्त्याबद्दल बोललो, तो किती निसरडा आहे ते इथे दिसतं.

असंच एक प्रकरण मुंबईकरांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन उघडत होतं. अमोल पालेकर, जे मुळात जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेले, भाषणात म्हणाले की स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती बरखास्त झाली आहे, आता काय दाखवायचं ते दिल्लीत ठरणार. व्यासपीठावरूनच त्यांना मधे-मधे थांबवण्यात आलं. बातम्या भाषणात अडथळा आणल्याच्या झाल्या. मला मात्र वाटतं की पालेकरांनी उचललेला मुद्दा प्रत्येक प्रेक्षकाचा आहे: भिंतीची किल्ली कुणाकडे?

परीक्षक आणि क्युरेटर

त्रैवार्षिक थांबलं, पण पोकळी राहिली नाही. १२ डिसेंबर २०१२ रोजी कोचीमध्ये द्वैवार्षिक, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, सुरू झालं. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोघांनी ते उभं केलं. दोघेही मूळचे केरळचे, शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये. तिथे परीक्षक नसतात, बक्षिसं नसतात. क्युरेटर असतो. या शब्दाला मराठीत अजून सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही, आणि त्यामुळेच लोकांना तो माणूस नेमकं करतो काय, ते कळत नाही.

एकांकिका स्पर्धेचे परीक्षक आणि दिवाळी अंकाचा संपादक, हा तो फरक. परीक्षक प्रत्येक एकांकिका सुटी बघून गुण देतात. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या एकांकिकांचं एकमेकींशी काही नातं असावं, अशी कुणाची अपेक्षा नसते. दिवाळी अंकाचा संपादक मात्र एक विषय डोक्यात धरतो, अमुक लेखकाकडून कथा मागवतो, तिच्या शेजारी कुठला लेख शोभेल ते बघतो, आणि कधी कधी उत्तम कविताही या अंकात बसत नाही म्हणून परत पाठवतो. क्युरेटर हेच भिंतींवर करतो. म्हणून राष्ट्रीय प्रदर्शनात प्रत्येक चित्र स्वतंत्र बघायचं, आणि क्युरेटरने मांडलेल्या प्रदर्शनात दोन चित्रांच्या मधली जागाही वाचायची. अमुक फोटोसमोर हेच शिल्प का ठेवलं? खोली अंधारी का केली?

अंधाराचं एक साधं कारणही असतं, तेही सांगून टाकतो. कागद, जलरंग आणि कापड यांना उजेड सोसत नाही. म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवण्याचा संग्रहालयांचा दंडक आहे. तैलरंगाला याच्या चौपट चालतो. तेव्हा कागदावरच्या कामांचं दालन मिणमिणतं दिसलं तर विजेची काटकसर समजू नका.

आणि 'समकालीन' म्हणजे तरी काय? आज जिवंत आहे तो समकालीन, इतकं ते सरळ नाही. पिढ्यान् पिढ्या वारली भिंती रंगवणारी माणसं कायम 'लोककले'च्या कप्प्यात ठेवली गेली. डहाणूजवळच्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नात भिंतीवर काढायच्या चौकापुरती असलेली ही कला कागदावर आणि कापडावर आणली, तिच्यात स्वतःच्या गोष्टी घातल्या, ती परदेशच्या संग्रहालयांत पोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना हुसेनच्या रांगेत का उभं करू नये? हा प्रश्न ज्यांनी फार लवकर विचारला त्यांत पुन्हा स्वामिनाथनच होते. १९८२ मध्ये भोपाळच्या भारत भवनात त्यांनी शहरी आणि आदिवासी कलाकार एकाच छताखाली मांडले. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम जगापुढे आले ते तिथून.

कशाने बनवलंय ते बघा

चित्राशेजारच्या चिठ्ठीवर नाव, वर्ष, माध्यम आणि माप असतं. बहुतेक जण नाव वाचतात आणि नाव 'शीर्षकरहित' निघालं की वैतागतात. मी माध्यमाची ओळ आधी वाचतो.

मुद्राचित्र हे याचं चांगलं उदाहरण. खाली पेन्सिलीने ३/१० असं लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं झेरॉक्सचा नंबर असावा. प्रत्यक्षात चित्रकाराने जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर दिला, सुईने रेषा ओढली, पत्रा आम्लात बुडवला. जिथे मेण निघालं तिथे आम्लाने धातू खाल्ला. मग शाई भरायची, वरवरची पुसून घ्यायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. ठरवून दहाच प्रती काढल्या, ही तिसरी, असा त्या आकड्याचा अर्थ. दहाही प्रती मूळच, नक्कल एकही नाही. दिल्लीत गढी इथे अकादमीच्या कार्यशाळा आहेत, तिथे हे काम चालताना बघायला मिळतं. २०१८ पासून अकादमीने मुद्राचित्रांचं वेगळं द्वैवार्षिकही सुरू केलं.

सोमनाथ होर यांची 'व्रण' ही मालिका तर लांबून कोरा कागद वाटते. जवळ गेलं की पांढऱ्या लगद्यातच चिरा, भेगा, फाटलेली कातडी दिसते. बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने शेवटी रंगच काढून टाकला. तसंच शीला गौडा यांचं 'अँड टेल हिम ऑफ माय पेन'. सुयांमधून ओवलेले दोरे एकत्र करून, कुंकवात आणि डिंकात माखून केलेली लालभडक लांबच लांब दोरी दालनभर लोंबते, वळते, जमिनीवर पसरते. याला मांडणशिल्प म्हणतात. सुई, दोरा आणि कुंकू आपल्या घरातल्या बायकांच्या हातात कधीपासून आहे, हे सांगायला तिथे समीक्षक लागत नाही.

भाड्याने घेतलेल्या दालनात एक फायदा असतो, जो संग्रहालयात नसतो. दाराशी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि बहुधा कंटाळलेला असतो. मामांना मी तिकडे ढकललं. "याचा अर्थ काय?" असं विचारू नका, एवढंच सांगितलं. मामांनी चाळीस वर्षं गिरणीच्या यंत्रांवर काढलेली. त्यांनी विचारलं, "हा ओरखडा कशाने काढलात हो?" चित्रकार उठून उभा राहिला. गवंड्याची थापी, तो म्हणाला, आणि राखाडी रंगात थोडी चुलीची राख. मग दोघं कॅनव्हासच्या कडेला वाकून थर मोजत बसले. गाडीची वेळ झाली तेव्हा मामांना मलाच ओढून बाहेर काढावं लागलं.